रोज शंभर क्रंचेस मारूनही पोट जात नाही आणि कंबर मात्र धरते, ती का?

वय ४१, घर कोथरूडला, नोकरी हिंजवडीत. जाऊन-येऊन अडीच तास गाडीत आणि मधले नऊ तास खुर्चीत. पोट सुटलं म्हणून चार महिन्यांपूर्वी तुम्ही घरीच सतरंजी टाकलीत आणि रोज पहाटे उठल्या उठल्या १०० क्रंचेस (उताणं झोपून डोकं-खांदे पोटाकडे उचलणं), शिवाय दोन्ही पाय सरळ उचलायचे व्यायाम सुरू केलेत. घेर तसूभर कमी झाला नाही. उलट आता दात घासायला बेसिनवर वाकलं की कंबर धरते. जिमला वेळ नाही, तर घरच्या घरी पोटाचे खरोखर उपयोगी व्यायाम कोणते, असं तुम्ही विचारलंत. शेवटी एक ओळ जोडलीत: पत्नीची दोन सिझेरियन झाली आहेत, तिनेही हेच केलं तर चालेल का? त्या ओळीचं उत्तरही देते, पण शेवटी, कारण तिथे जरा सावकाश बोलावं लागेल.

मी फिजिओथेरपिस्ट आहे, बावीस वर्षं पुण्यात हेच काम करते. पहिलं सांगणं असं की क्रंचेस आणि दोन्ही पाय उचलणं उद्यापासून बंद करा, निदान सहा आठवडे तरी. चार महिने न चुकता रोज जमिनीवर उतरणारा माणूस मला फार क्वचित भेटतो, त्यामुळे तुमच्या चिकाटीबद्दल मला खरंच आदर वाटतो. फक्त त्या चिकाटीला काम चुकीचं नेमून दिलं गेलंय.

पोटाचे स्नायू म्हटलं की डोळ्यांसमोर येतो तो पुढचा उभा पट्टा, रेक्टस अ‍ॅब्डोमिनिस, ज्याचे 'सिक्स पॅक' दिसतात. त्याच्या दोन्ही बाजूंना तिरक्या धाग्यांचे दोन थर, एक वरचा आणि एक आतला. आणि सगळ्यांत खोल असतो तो ट्रान्सव्हर्सस. बाळंतिणीचं पोट सुती कापडाने बांधतात, तसा हा स्नायू कमरेच्या मणक्यांपासून निघून पुढे मध्यापर्यंत आडवा वेढा देतो. वर श्वासाचा पडदा, खाली ओटीपोटाचा तळ, मागे मणक्यालगतचे बारके स्नायू. एकूण बनतो एक डबा. झाकण, बूड आणि भिंती एकाच वेळी घट्ट झाल्या की आतला दाब मणक्याला आधार देतो.

आता या डब्याचं दिवसभराचं काम बघा. बसमध्ये एका हाताने दांडी धरून उभे आहात आणि ड्रायव्हरने करकचून ब्रेक दाबला. भरलेली बादली उचलून बाल्कनीत नेताय. स्कूटरवर मागे बसलाय आणि न दिसलेल्या गतिरोधकावरून गाडी उडाली. या प्रत्येक वेळी पोट धड वाकवत नाही, ते वाकू देत नाही. १९९६ साली ऑस्ट्रेलियातल्या हॉजेस आणि रिचर्डसन या संशोधकांनी दाखवलं की माणसाने नुसता हात झटकन उचलला तरी तो हलायच्या आधीच पोटाचा सगळ्यांत आतला थर घट्ट झालेला असतो, आणि जुन्या कंबरदुखीवाल्यांमध्ये हे घट्ट होणं उशिरा येतं. म्हणजे पोटाला शिकवायचंय ते वेळेवर धरणं, आणि धरलेलं असताना श्वास चालू ठेवणं. क्रंचेसमध्ये यातलं काहीच होत नाही.

तुमची कंबर का धरली, त्याला माझ्या मते तीन कारणं आहेत. पहिलं, तुम्ही दिवसाचे अकरा-बारा तास कंबर गोल करून बसता आणि व्यायामातही तिला शंभर वेळा गोलच करता. मणक्यांमधली चकती म्हणजे बाहेरून वेढ्यावेढ्यांचं कडं आणि आत गराळ गाभा. सतत पुढे वाकल्यावर तो गाभा मागच्या बाजूला रेटला जातो. कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठाचे स्टुअर्ट मॅकगिल यांनी प्रयोगशाळेत डुकराच्या मणक्यांवर हजारो वेळा वाकवण्याचे प्रयोग करून हे दाखवलं. मेलेल्या मणक्याला झीज भरून काढता येत नाही, जिवंत माणसाला येते, त्यामुळे क्रंच मारला की चकती सरकलीच असं घाबरवणं चूक आहे. पण तुमच्यासारख्या बैठ्या माणसाच्या चकतीला भरून काढायला सवड तरी कुठे मिळते?

दुसरं कारण वेळेचं. रात्रभर आडवं असताना चकत्या पाणी शोषून फुगतात. सकाळी आपली उंची सेंटिमीटरभर जास्त भरते ती त्यामुळेच. अशा टम्म चकतीवर वाकण्याचा ताण जास्त येतो. उठल्यावर तासाभरात हे पाणी बरंचसं उतरतं. म्हणून पुढे वाकायचा कुठलाही व्यायाम उठल्या उठल्या करू नका. आधी चहा घ्या, घरातल्या घरात चाला, पोरांचे डबे भरा.

तिसरं, दोन्ही पाय सरळ उचलणं. पाय उचलणारा मुख्य स्नायू, सोआस, थेट कमरेच्या मणक्यांवरून निघतो. पोटाने कंबर धरून ठेवली नाही, तर तो पाय उचलता उचलता मणकेच पुढे ओढतो. हे घरी तपासता येतं. उताणे झोपा, कमरेखाली तळहात सरकवा आणि दोन्ही पाय वीतभर उचला. तळहातावरचा भार हलका होऊन मोकळी जागा झाली, म्हणजे कमान झाली, तर तो व्यायाम तुमच्या पोटाच्या आवाक्याबाहेरचा आहे. माझ्याकडे येणाऱ्या दहांतल्या आठ जणांची कमान होते.

आता चरबीचं. इथे मी गोड बोलणार नाही, कारण या एका गैरसमजापायी माणसं वर्षं घालवतात. पोटाच्या व्यायामाने पोटाची चरबी वितळत नाही. स्नायू काम करतो तेव्हा इंधन रक्तातून येतं आणि ते सगळ्या शरीराच्या साठ्यातून गोळा होतं. त्या स्नायूवरच्या चरबीला वेगळा हुकूम जात नाही. एक किलो चरबीत सुमारे ७,७०० किलोकॅलरी असतात, आणि तुमचे शंभर क्रंचेस चार-पाच मिनिटांत संपतात, तेवढ्यात त्यातलं नगण्यच खर्च होतं. घाम आणणारे पट्टे, पोटाला गुंडाळायचं प्लास्टिक, थरथरणारी यंत्रं यांनी जातं ते पाणी. त्यावर पैसे घालू नका.

पण घेर दुर्लक्ष करण्यासारखाही नाही, आणि हे आपल्या पुण्यातच जगाला दाखवलं गेलं. केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि इंग्लंडमधले डॉ. जॉन युडकिन यांचा एकत्र फोटो २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. दोघांचाही बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, २२.३. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के. आपण भारतीय काट्यावर सडसडीत दिसतो आणि चरबी आत, पोटातल्या अवयवांभोवती साठवतो. मधुमेहाशी नातं सांगते ती हीच चरबी. म्हणून आपल्यासाठी घेराची मर्यादाही कडक आहे: पुरुषांना ९० सेंटिमीटर, बायकांना ८०. शिंप्याची टेप घ्या. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या बरोबर मध्ये लावा, श्वास सहज सोडल्यावर मोजा आणि वहीत लिहा. पँटचा नंबर धरू नका, कारण पँट पोटाच्या खाली बांधली जाते.

आनंदाची गोष्ट अशी की आतली ही चरबी चालण्याला लवकर दाद देते. आठवड्याला १५० मिनिटं जरा दम लागेल असं चालणं, हे किमान. कोथरूडला राहता म्हणजे वेताळ टेकडी तुमच्या दारात आहे. आठवड्यातून दोनदा ती चढा. पावसाळ्यात वाट निसरडी झाली की पर्वतीच्या १०३ पायऱ्या बऱ्या, त्या दोनदा चढल्या-उतरल्या तर पायांनाही काम मिळतं. उरलेलं ताटात. तुम्ही जेवणाबद्दल काही लिहिलं नाहीत, म्हणून एवढंच म्हणते की रोज वजनाच्या दर किलोमागे ०.८३ ग्रॅम प्रथिनं ही भारतीय शिफारस आहे. ७५ किलोच्या माणसाला ती ६२ ग्रॅमच्या आसपास पडते, आणि पोहे-उपमा-पोळी-भातात ती भरत नाही. दोन्ही जेवणांत मोडाची उसळ किंवा दाट वरण, वाटीभर दही, खात असाल तर अंडी. रात्री उशिरा भरपेट जेवून लगेच आडवं होणं, हे तुमच्या घेरामागचं मोठं कारण असावं असा माझा अंदाज आहे.

आता व्यायाम. पहिला सगळ्यांत साधा वाटतो आणि मी त्यावरच सगळ्यांत जास्त वेळ घालवते.

जमिनीवर घडी घातलेली सोलापुरी चादर टाका. गादी नको, गादीत कंबर रुतते. उताणे झोपा, गुडघे वाकवून पाय जमिनीवर टेका. एक हात बरगड्यांच्या खालच्या काठावर, दुसऱ्या हाताची बोटं बेंबीच्या खाली, कमरेच्या हाडाच्या दोन बोटं आत. नाकाने श्वास घ्या. बरगड्या बाजूंना फुलल्या पाहिजेत, खांदे कानाकडे जाता कामा नयेत. आता बशीतल्या गरम चहावर फुंकर घालतो तसा, ओठांचा चंबू करून, सहा-सात सेकंद श्वास सोडत राहा. बहुतेक जण तीन सेकंदांनी थांबतात. थांबू नका, तिथेच तर काम सुरू होतं. फुंकर संपत येते तशी बेंबीखालच्या बोटांना आतून काहीतरी ताठ होत वर येतंय असं जाणवेल, ओली दोरी ताणावी तसं. तोच तो आतला वेढा. बरगड्याही खाली आणि आत आलेल्या जाणवतील. हा घट्टपणा साधारण एक तृतीयांश तसाच राखून पुढचा श्वास नाकाने घ्या. सैल न सोडता श्वास घेता आला की अर्धी लढाई जिंकली. असे आठ श्वास.

इथे माझी एक चूक सांगते. सुरुवातीची सात-आठ वर्षं मी प्रत्येकाला 'बेंबी पाठीला लावा' असंच सांगत होते, तेव्हा सगळीकडे तेच शिकवलं जायचं. माणसं पोट आत ओढून श्वास कोंडून धरायची, चेहरे लाल व्हायचे, आणि खरं ओझं उचलायची वेळ आली की कंबर पुन्हा धरायची. पोट आत खेचलं की डब्याच्या भिंती मध्ये येतात आणि आधाराचा पाया अरुंद होतो. आता मी सांगते: कुणीतरी गंमतीने पोटात बोट खुपसायला येतंय असं समजा आणि चहूबाजूंनी ताठ व्हा. हलकंसं खोकून बघा, खोकताना कुशी जशी बोटांना बाहेर ढकलते तसं. ज्यांना मी जुन्या पद्धतीने शिकवलं, त्यांतले जे पुन्हा भेटले त्या सगळ्यांना मी हे बदलून दिलं.

हे जमलं की दुसरा: डेड बग. म्हणजे उताणं पडलेलं झुरळ, आणि ते तसंच दिसतं. उताणे झोपून दोन्ही हात छताकडे, दोन्ही पाय उचलून मांड्या उभ्या आणि पिंढऱ्या जमिनीला समांतर. फुंकर घालत घालत उजवा हात डोक्यामागे आणि डावा पाय पुढे, दोन्ही एकाच वेळी जमिनीकडे न्या. कंबर जमिनीवरून सुटायला लागली की तिथेच थांबा आणि परत या. जमिनीला पाय टेकवायची घाई नको, वीतभर खाली गेलात तरी पुष्कळ. मग दुसरी बाजू. एका बाजूला सहा-सहा. कंबर लगेच सुटत असेल तर हात राहू द्या, गुडघा वाकलेलाच ठेवून फक्त टाच जमिनीला टेकवून परत आणा. सुरुवातीला दोन आठवडे एवढंच पुरे. तुम्ही पाय उचलण्याच्या व्यायामातून जे मिळवायला बघत होता, ते इथे कमरेला त्रास न देता मिळतं.

तिसरा बर्ड डॉग. रांगायच्या स्थितीत या, तळहात खांद्यांखाली, गुडघे खुब्यांखाली. उजवा हात पुढे आणि डावा पाय मागे सरळ, आठ-दहा सेकंद धरा, श्वास चालू. पाय पाठीच्या रेषेपेक्षा वर उचलायचा नाही. घरात लाटणं असेलच, ते कमरेवर आडवं ठेवायला सांगा. लाटणं घरंगळलं की कमरेचा कोणता भाग हलला ते लगेच कळतं. माझ्याकडे शिकाऊ मुली येतात त्यांनाही मी पहिल्या दिवशी हेच करायला लावते, आणि चांगल्या धडधाकट मुलींचंही लाटणं पहिल्यांदा पडतंच.

चौथा कुशीचा, साइड प्लँक. एका कुशीवर, कोपर खांद्याखाली, सुरुवातीला गुडघे वाकवून. खुबा उचला, खांद्यापासून गुडघ्यापर्यंत एक रेष, दहा सेकंद. दोन्ही बाजू. बाजूचे तिरके स्नायू आणि कमरेचा चौकोनी स्नायू यांना चकतीवर फार भार न टाकता मिळणारं काम म्हणून हा मला फार आवडतो. एक बाजू दहा सेकंद आणि दुसरी चारच सेकंद टिकते असं निघालं, तर कच्च्या बाजूला एक फेरी जास्त. दिवसभर एकाच खांद्यावर लॅपटॉपची बॅग लटकवणाऱ्यांमध्ये हा फरक मला वारंवार दिसतो.

साधा प्लँक, म्हणजे पालथं होऊन कोपरं आणि पायांच्या बोटांवर अंग सरळ धरणं, तुम्हाला माहीत असणार. त्याबद्दल एवढंच: दोन-तीन मिनिटं टिकवून दाखवायची गरज नाही. दहा सेकंद, पण सगळं अंग करकचून: मुठी आवळलेल्या, नितंब घट्ट, कोपरं पायांकडे ओढल्यासारखी. सोडा, एक श्वास घ्या, पुन्हा दहा. असे पाच. जमिनीवर कंबर झोळीसारखी लोंबत असेल तर स्वयंपाकघराच्या ओट्यावर कोपरं टेकून तिरके उभे राहून करा. कुकरच्या शिट्ट्या होईतो होऊन जातं.

मॅकगिल यांचा एक कर्ल-अप आहे, तो क्रंचची जागा घेतो. एक पाय सरळ, एक गुडघा वाकवलेला, दोन्ही तळहात कमरेच्या पोकळीखाली. डोकं आणि खांदे मिळून फक्त इंच-दोन इंच उचला, हनुवटी छातीला लावू नका, आठ सेकंद धरा. कंबर हातावर तशीच राहिली पाहिजे. हा तुम्ही चौथ्या आठवड्यापासून घ्या, तोवर कंबर शांत झाली असेल तरच.

आणि शेवटचा, ज्याला कुणी पोटाचा व्यायाम म्हणत नाही, तो म्हणजे बादली. न्हाणीघरातली बादली घ्या, त्यात पाच लिटर पाणी, म्हणजे पाच किलो. एका हातात धरून घरातल्या सगळ्यांत लांब सरळ वाटेने, हॉलपासून मागच्या बाल्कनीपर्यंत, सावकाश चाला. दुसरा हात मोकळा. बादली तुम्हाला स्वतःकडे झुकवायला बघते आणि विरुद्ध बाजूची कूस तुम्हाला उभं धरते. खांदे आरशात समपातळीत दिसले पाहिजेत. पाणी हिंदकळलं म्हणजे चालीत झोल आला. तीस पावलं, हात बदला, पुन्हा तीस. दर आठवड्याला एक लिटर वाढवा. दहा लिटर दोन्ही बाजूंनी न हिंदकळता नेता आले, की गॅसचं सिलिंडर सरकवताना, गावाहून आणलेलं तांदळाचं पोतं उचलताना कंबर धरायची भीती कमी होते. उचलताना मात्र कंबरेतून नव्हे, खुब्यातून आणि गुडघ्यातून खाली जा.

एकूण वेळ पंधरा मिनिटं. श्वास रोज, बाकीचे आठवड्यातून चार दिवस. तुमच्या दिनक्रमात मला संध्याकाळची वेळ बरी वाटते, घरी आल्यावर जेवणाआधी. पहिल्या दोन आठवड्यांत श्वास, टाच टेकवायचा डेड बग, ओट्यावरचा प्लँक. तिसऱ्या आठवड्यापासून बर्ड डॉग आणि कुशीचा. पाचव्यापासून बादली. धरायचे सेकंद वाढवू नका, फेऱ्या वाढवा. कुठल्याही व्यायामात श्वास कोंडत असेल तर तो व्यायाम आज तुमच्यासाठी जड आहे. ज्यांना रक्तदाबाचा त्रास आहे त्यांनी हे विशेष पाळावं, कारण श्वास कोंडून जोर लावला की रक्तदाब एकदम चढतो.

योगासनं करणारी मंडळी घरात असतील तर ती म्हणतील, नौकासन करा. चांगलंच आहे, पण वाकड्या कमरेने नको. मॉडेल कॉलनीतल्या अय्यंगार योग संस्थेच्या परंपरेत पट्टा पाठीमागून घेऊन तळव्यांना अडकवतात आणि मग नावासन (म्हणजे नौकासनच) धरतात, त्याने कंबर लांब आणि छाती उचललेली राहते. तुमची कंबर शांत झाल्यावर घरातला जुना दुपट्टा घेऊन तसंच करा. सूर्यनमस्कार सहा आठवड्यांनी सुरू करा, आणि चौथ्या अवस्थेत, जिथे अंग फळीसारखं सरळ होतं, तिथे घाईने पुढे न जाता दोन श्वास थांबा. तो प्लँकच आहे. उड्डियानाबद्दलही, म्हणजे श्वास पूर्ण सोडून पोट आत-वर ओढण्याच्या क्रियेबद्दलही, विचारतात. १९२४ साली लोणावळ्यात कैवल्यधाम स्थापन करणाऱ्या स्वामी कुवलयानंदांनी उड्डियान आणि नौलीच्या वेळी पोटातला दाब कसा उतरतो हे प्रत्यक्ष मोजलं होतं. म्हणजे ही क्रिया दाब कमी करते, आणि मणक्याच्या आधाराला दाब हवा असतो. दोन्हींचं काम वेगळं. शिकायचं तर समोर बसून शिकवणाऱ्याकडून, रिकाम्या पोटी.

हे सगळं करताना पायात मुंग्या, बधिरपणा, पोटरीपर्यंत उतरणारी कळ आली तर थांबा आणि तपासून घ्या. लघवी-शौचावरचा ताबा गेला किंवा जांघेत बसण्याच्या जागी बधिर वाटलं, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा. बेंबीशी किंवा जांघेत खोकताना फुगवटा येत असेल तर तो हर्निया असू शकतो. आधी सर्जनला दाखवा, मग सतरंजी.

आता वहिनींचं. त्यांनी तुमचे क्रंचेस अजिबात करू नयेत. गरोदरपणात पोटाच्या मधली उभी पांढरी तंतुमय रेषा ताणली जाते आणि पुढच्या उभ्या स्नायूचे तिच्या दोन्ही बाजूंचे दोन पट्टे एकमेकांपासून लांब जातात. बऱ्याच जणींचं हे अंतर आपोआप भरतं, काही जणींचं मूल शाळेत जायला लागलं तरी राहतं. त्यांना उताणं झोपून गुडघे वाकवायला सांगा. बेंबीवर आडवी बोटं ठेवून डोकं हळूच उचलायचं. दोन पट्ट्यांमध्ये किती बोटं रुततात ते बघायचं, बेंबीच्या वर आणि खाली दोन्हीकडे. दोन बोटांपेक्षा जास्त, किंवा तळाशी काही ताठ लागतच नाही, किंवा डोकं उचलताना पोटाच्या मध्यावर उभा उंचवटा येतो, यातलं काहीही असेल तर एकदा फिजिओथेरपिस्टला दाखवलेलं बरं. त्या कितीदा म्हणाल्या असतील की पोट अजून पाच महिन्यांच्या गरोदर बाईसारखं दिसतं. वजन न वाढताही पोट तसं दिसतं याचं हे एक कारण असतं, आणि त्यात त्यांच्या आळसाचा काही भाग नाही.

त्यांची सुरुवात श्वासाच्या व्यायामानेच. फरक एवढाच की फुंकर सुरू व्हायच्या क्षणी लघवी रोखून धरल्यासारखा तळही हलकेच वर उचलायचा, आणि श्वास घेताना पूर्ण सैल सोडायचा. शिंकताना, हसताना थेंब गळत असतील तर हेच त्यांचं मुख्य औषध आहे, आणि लाजून गप्प बसण्यासारखं त्यात काही नाही. टाक्यांच्या रेषेवर बधिर वाटत असेल, खेचल्यासारखं होत असेल, तर तेलाचं बोट घेऊन रोज दोन मिनिटं ती रेष वर-खाली, आडवी-उभी सरकवायची. सिझेरियनला वर्षं झाली असतील तरी चालतं. नुकतंच झालेलं असेल तर सहा ते आठ आठवडे आणि डॉक्टरांची परवानगी, त्याआधी फक्त श्वास आणि चालणं. मग टाच टेकवायचा डेड बग, बर्ड डॉग, बादली. दर व्यायामात मध्यावर उंचवटा येतो का ते बघायचं. आला तर एक पायरी खाली उतरायचं.

आणि दोघांनीही आजपासून अंथरुणातून उठायची पद्धत बदला. सरळ उठून बसणं म्हणजे एक सिट-अपच, आणि तोही फुगलेल्या चकतीवर. आधी गुडघे वाकवा, कुशीवर वळा, पाय पलंगाच्या काठाबाहेर सोडा आणि हाताने गादी रेटत, फुंकर घालत उठा.